क्वांटम हॅकेथॉनची तयारी: आधी कागदावर उत्तर, मग सर्किट

एका हॅकेथॉनच्या रात्री मी एका संघाशेजारी बसले होते. सर्किट चालत होतं, आलेख नीट येत होता, पण उत्तर चुकत होतं. चार तास त्यांनी गेट (सर्किटमधल्या क्रिया) बदलून पाहिले, शॉट (सर्किट पुन्हा पुन्हा चालवण्याची संख्या) वाढवले, ऑप्टिमायझर (उत्तम आकडे शोधणारा प्रोग्राम) बदलला. चूक यातल्या कशातच नव्हती. उत्तराची स्ट्रिंग ते डावीकडून वाचत होते आणि लायब्ररी शून्यावा क्यूबिट (क्वांटम संगणकातला बिट) उजव्या टोकाला लिहीत होती. तीन क्यूबिटचं एक सर्किट सुरुवातीलाच चालवून पाहिलं असतं, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

नवख्या संघांना हॅकेथॉनआधी क्वांटम कम्प्युटिंगची तोंडओळख करून देताना अशा चुका मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. जवळजवळ सगळ्या चुका क्रमाच्या असतात: आधी अल्गोरिदमचं नाव निवडायचं, मग त्यात प्रश्न कोंबायचा, आणि आलेलं उत्तर बरोबर आहे की नाही हे ठरवायला हातात काहीच नसायचं. म्हणून हा लेख त्या क्रमासाठी लिहिला आहे. सगळ्या टप्प्यांना एकच नियम लागू आहे: रन करण्याआधी अपेक्षित उत्तर कागदावर लिहा. लिहिता येत नसेल, तर सर्किट अजून लहान करा.

## सुरुवातीला काय येत असावं

पायथनमध्ये लूप, फंक्शन आणि लिस्ट वापरता आल्या पाहिजेत. मॅट्रिक्सला व्हेक्टरनं हातानं गुणता आलं पाहिजे, निदान दोन बाय दोनचं तरी. संभाव्यता म्हणजे काय आणि सरासरी कशी काढतात हे माहीत हवं. एवढं पुरतं. पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही, श्रोडिंगरचं समीकरण सोडवावं लागत नाही.

वेळेचं म्हणाल, तर पहिल्या चार टप्प्यांना मिळून आठ-दहा तास द्या, आणि तेही हॅकेथॉन सुरू होण्याआधी. हे तास संघातल्या सगळ्यांनी द्यायला हवेत. एकच जण शिकला आणि बाकीचे त्याच्यावर विसंबले, तर त्याची चूक पकडणारं कोणीच उरत नाही.

## १. संगणक तयार करा, पण जुन्या वातावरणात नको

लायब्ररी एकच निवडा. आयोजकांनी ठरवून दिली असेल तर तीच. मोकळीक असेल आणि खऱ्या यंत्रावर चालवायचं असेल, तर आयबीएमचं किस्किट सोयीचं पडतं. गेटचे कोन बदलत बदलत सर्किट शिकवायचं असेल, तर पेनीलेन. गूगलचं सर्कही चांगलं आहे. ऐनवेळी एकातून दुसऱ्यात उडी मारू नका.

क्रम असा ठेवा:

१. पायथनचं नवं, रिकामं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट उघडा.
२. त्यात मुख्य लायब्ररी बसवा. किस्किट घेतलं असेल तर एर हा सिम्युलेटर (साध्या संगणकावर क्वांटम सर्किटची नक्कल करणारा प्रोग्राम) आणि आयबीएमच्या यंत्रांशी जोडणारं रनटाइम ही वेगळी पॅकेजेस आहेत, तीही बसवा.
३. बसलेल्या सगळ्या पॅकेजेसच्या आवृत्त्या एका फाइलमध्ये लिहून ठेवा आणि ती फाइल संघातल्या सगळ्यांना द्या. प्रत्येकानं त्याच आवृत्त्या बसवायच्या.

सावधान: किस्किटची १.० आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि तिच्यात बरंच काही काढून टाकलं गेलं. सर्किट चालवायचं जुनं 'एक्झिक्यूट' फंक्शन गेलं, एर मुख्य पॅकेजमधून थेट मागवता (इम्पोर्ट करता) येईनासा झाला. जुने व्हिडिओ, जुने धडे आणि एआय सहायकांनी लिहून दिलेला कोड यांत या गोष्टी अजून सापडतात. 'एक्झिक्यूट' मागवता येत नाही असा एरर आला, तर जुनी आवृत्ती बसवायला धावू नका. तो धडाच सोडा आणि २०२४ नंतरचा धडा शोधा. तसंच, जुन्या ०.४६ किंवा त्याआधीच्या किस्किटवर नवं किस्किट चढवू नका. दोन्हींची पॅकेजेस एकमेकांत अडकतात आणि येणारे एरर मूळ कारणाचा पत्ता लागू देत नाहीत. म्हणूनच पहिली पायरी रिकाम्या एन्व्हायर्न्मेंटची.

तपासणी: एक क्यूबिट, एकही गेट नाही, फक्त मापन, १००० शॉट. उत्तरात '०' बरोबर १००० वेळा आला पाहिजे. प्रत्येकाच्या संगणकावर हे दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

## २. एक क्यूबिट हातानं सोडवा

इथे घाई करू नका. माझ्या मते अख्ख्या प्रशिक्षणातला सगळ्यात मोलाचा तास हाच.

क्यूबिटची अवस्था म्हणजे दोन आकडे: '०' चा ॲम्प्लिट्यूड आणि '१' चा ॲम्प्लिट्यूड. आकड्याच्या परिमाणाचा वर्ग केला की ते उत्तर येण्याची संभाव्यता मिळते. हे आकडे ऋण असू शकतात, कॉम्प्लेक्सही असू शकतात. 'क्यूबिट एकाच वेळी शून्य आणि एक असतो' हे वाक्य ऐकून बहुतेक जण पुढे जातात, आणि ऋण चिन्ह मागे राहून जातं. खरं काम तर ते चिन्हच करतं.

कागद घ्या. सुरुवातीची अवस्था (१, ०). हॅडामार्ड गेट लावल्यावर ती (०.७०७, ०.७०७) होते. मापन केलं तर दोन्ही उत्तरं निम्मी-निम्मी. आता मापन न करता पुन्हा हॅडामार्ड लावा. हा गेट पहिला नवा आकडा दोन्ही जुन्या आकड्यांच्या बेरजेतून काढतो आणि दुसरा वजाबाकीतून, आणि दोन्ही वेळा ०.७०७ ने गुणतो. म्हणून पहिला येतो ०.५ + ०.५ = १, दुसरा ०.५ − ०.५ = ०. म्हणजे परत (१, ०). निम्म्या-निम्म्या नाण्याला पुन्हा उडवलं आणि दर वेळी छापच पडला! साध्या नाण्याच्या बाबतीत हे होऊच शकत नाही. दुसरा आकडा खोडला गेला तो वजाबाकीमुळे. याला इंटरफिअरन्स म्हणतात, आणि प्रत्येक क्वांटम अल्गोरिदम चुकीची उत्तरं अशीच खोडतो.

आता तीन सर्किटं लिहा. प्रत्येकाचं उत्तर आधी कागदावर, मग रन:

* हॅडामार्ड, हॅडामार्ड, मापन. उत्तर: नेहमी '०'.
* हॅडामार्ड, झेड गेट, हॅडामार्ड, मापन. झेड दुसऱ्या आकड्याचं चिन्ह उलटवतो. उत्तर: नेहमी '१'.
* हॅडामार्ड, मापन, हॅडामार्ड, पुन्हा मापन. शेवटच्या मापनाचं उत्तर: निम्मं-निम्मं.

पहिलं आणि तिसरं शेजारी ठेवून पाहा. गेट तेच आहेत, फरक फक्त मध्ये डोकावण्याचा. मध्येच मापन केलं की ॲम्प्लिट्यूड जातात, वजाबाकी करायला काही उरत नाही.

नेहमीची चूक: 'झेड गेट लावला, पण काहीच बदललं नाही' असं म्हणून तो काढून टाकणं. त्यानं फेज (इथे ॲम्प्लिट्यूडचं चिन्ह) बदलली, आणि थेट मापनात फेज दिसत नाही. ती पाहायची तर मापनाआधी हॅडामार्ड लावावा लागतो.

नेहमीची चूक: साध्या प्रोग्रामिंगच्या सवयीनं मध्येच व्हेरिएबल छापून पाहावं तसं मध्येच मापन टाकणं. सिम्युलेटरवर पूर्ण अवस्था छापण्याची सोय असते, चुका शोधताना ती जरूर वापरा. खऱ्या यंत्रावर तशी सोय नाही आणि असूही शकत नाही.

## ३. दोन क्यूबिट, बिटांचा क्रम, आणि आकडे किती हलतात

सुरुवातीला सांगितलेला प्रसंग इथे टाळायचा. तीन क्यूबिट घ्या, फक्त शून्याव्या क्यूबिटवर एक्स गेट (० चा १ आणि १ चा ० करणारा) लावा, तिन्ही मोजा. किस्किट उत्तर देईल '००१', कारण शून्यावा क्यूबिट उजव्या टोकाला लिहिला जातो. पेनीलेन आणि सर्कमध्ये तो डावीकडून पहिला असतो, तिथे हेच उत्तर '१००' असं वाचलं जातं. तुमच्या लायब्ररीत काय येतं ते ठळक अक्षरांत नोटबुकच्या (संगणकावर कोड लिहायच्या फाइलच्या) पहिल्या ओळीत लिहा. इंटरनेटवरचं एखादं सर्किट एका लायब्ररीतून दुसरीत आणताना ही ओळ कामी येईल.

मग बेल जोडी, म्हणजे एकमेकांत गुंतलेले दोन क्यूबिट: शून्याव्यावर हॅडामार्ड, मग शून्याव्याकडून पहिल्यावर सीनॉट (शून्यावा १ असेल तेव्हाच पहिल्याला उलटवणारा गेट), दोन्हींचं मापन. फक्त '००' आणि '११' यायला हवेत, साधारण निम्मे-निम्मे.

'साधारण' म्हणजे किती, हे मात्र आकड्यांत माहीत हवं. १००० शॉटमध्ये ५०० च्या आसपास येणाऱ्या मोजणीचं प्रमाण विचलन १६ च्या जवळ असतं. म्हणजे ४७० ते ५३० मधलं काहीही ठीक आहे. ४८८ आणि ५१२ पाहून सर्किट दुरुस्त करायला बसलेले संघ मी पाहिले आहेत. उलट, ४१० आला तर मात्र शोध घ्या, तो योगायोग नव्हे. एकूण शॉटच्या प्रमाणात हा चढउतार निम्मा करायचा तर शॉट चौपट करावे लागतात.

सावधान: किस्किटमध्ये सर्किट बनवतानाच क्लासिकल बिट दिले आणि शेवटी पुन्हा 'सगळं मोजा' ही सोयीची आज्ञा दिली, तर ती आपले वेगळे बिट जोडते. उत्तरं मग '११ ००' अशी, मध्ये रिकामी जागा असलेली दिसू लागतात. असं दिसलं की मापन एकाच पद्धतीनं लिहा: एक तर बिट स्वतः द्या, नाही तर ते काम आज्ञेवर सोडा.

तपासणी: रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) ठरवून द्या. तोच कोड दोनदा चालवल्यावर सिम्युलेटरकडून तंतोतंत तेच आकडे आले पाहिजेत. नाही आले, तर उद्या चूक शोधताना कोडमुळे काय बदललं आणि नशिबानं काय बदललं हे कळणार नाही.

## ४. नकळत होणारं मापन

हा टप्पा प्रास्ताविक प्रशिक्षणात सहसा गाळला जातो, आणि मग अर्ध्या रात्री त्याची किंमत मोजावी लागते.

दोन क्यूबिट घ्या. शून्याव्यावर हॅडामार्ड, मग पहिल्यावर सीनॉट, मग पुन्हा शून्याव्यावर हॅडामार्ड. मापन फक्त शून्याव्याचं. पहिल्या क्यूबिटला तुम्ही मोजतही नाही आहात. तरीही उत्तर नेहमी '०' येत नाही, निम्मं-निम्मं येतं. दुसऱ्या टप्प्यात मध्ये मापन टाकल्यावर झालं होतं तेच झालं. शून्याव्या क्यूबिटची माहिती पहिल्यात जाऊन बसली, आणि ती तिथे असेपर्यंत इंटरफिअरन्स होत नाही.

आता शेवटच्या हॅडामार्डच्या आधी तोच सीनॉट पुन्हा एकदा लावा. माहिती परत निघाली, उत्तर पुन्हा नेहमी '०'.

यावरून कामाचा नियम असा: एखादी अट तपासायला तुम्ही मदतनीस क्यूबिट घेतलात, तर काम झाल्यावर ते गेट उलट्या क्रमानं पुन्हा लावून तो क्यूबिट कोरा करा. ग्रोव्हरचं (शोध घेणाऱ्या अल्गोरिदमचं) सर्किट 'का कोण जाणे सगळी उत्तरं सारखीच देतंय' असं कोणी म्हणालं, की मी आधी मदतनीस क्यूबिट पाहते.

## ५. प्रश्न निवडा आणि क्यूबिट मोजा

आता हॅकेथॉनमधला प्रश्न. अल्गोरिदमचं नाव अजून काढू नका. आधी गणित करा: प्रश्नाच्या सर्वांत लहान रूपाला किती क्यूबिट लागतात?

पूर्ण अवस्था साठवणाऱ्या सिम्युलेटरला प्रत्येक ॲम्प्लिट्यूडसाठी १६ बाइट लागतात, आणि ॲम्प्लिट्यूड असतात २ च्या क्यूबिटसंख्येइतक्या घाताएवढे. २० क्यूबिटना १६ एमबी पुरते, २५ ला ५१२ एमबी, ३० ला १६ जीबी. प्रत्येक वाढीव क्यूबिट मेमरी दुप्पट करतो. लॅपटॉपवर शेकडो वेळा सर्किट फिरवायचं असेल, तर १२ ते १६ क्यूबिटच्या आत राहा.

शहरांच्या फेरीचा प्रश्न (सगळ्या शहरांतून एकदाच जाणारा सर्वांत छोटा मार्ग शोधणं) अनेकांना मोहात पाडतो. नेहमीच्या मांडणीत प्रत्येक शहर आणि फेरीतली प्रत्येक जागा यांच्या जोडीला एक क्यूबिट लागतो. पहिलं शहर ठरवून टाकलं तरी ५ शहरांना १६ आणि १० शहरांना ८१ क्यूबिट होतात. ज्यांनी हे गणित दुसऱ्या दिवशी केलं, त्यांच्या हातात प्रश्न बदलायलाही वेळ उरला नव्हता.

ग्रोव्हर निवडणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, तुमचं ऑरेकल (बरोबर उत्तरावर खूण करणारा सर्किटचा भाग) अट तपासणारं हवं. उत्तर आधीच माहीत करून घेऊन त्याच स्ट्रिंगवर खूण करणारं ऑरेकल काहीच शोधत नाही, आणि परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतात. दोन, फेऱ्या जास्त म्हणजे चांगलं असं इथे नसतं. ३ क्यूबिट आणि एकच बरोबर उत्तर असेल, तर १ फेरीनंतर यशाची संभाव्यता ७८ टक्के, २ फेऱ्यांनंतर ९४.५ टक्के, आणि ३ फेऱ्यांनंतर ती घसरून ३३ टक्क्यांवर येते. हे तिन्ही आकडे तुमच्या सर्किटकडून आले, तर ते बरोबर आहे असं समजा.

## ६. प्रश्न आकड्यांत बसवा

निवड, वाटप, वेळापत्रक अशा प्रश्नांत संघ सर्वांत जास्त इथेच चुकतात. म्हणून एक छोटं उदाहरण शेवटपर्यंत सोडवू.

चार वस्तू आहेत, किमती ७, ५, ४ आणि २. नेमक्या दोन निवडायच्या, एकूण किंमत जास्तीत जास्त. उत्तर उघड आहे: पहिली आणि दुसरी, मिळून १२. उघड आहे म्हणूनच हे उदाहरण घ्यायचं.

प्रत्येक वस्तूला एक बिट: निवडली तर १, नाही तर ०. यंत्र खर्च कमीत कमी करतं, म्हणून किमतीला ऋण चिन्ह. 'नेमक्या दोन' ही अट दंडानं सांगायची: निवडलेल्या वस्तूंच्या संख्येतून २ वजा करा, वर्ग करा, दंडाच्या आकड्यानं गुणा.

दंड किती घ्यायचा? ३ घेऊन पाहा. दोन वस्तू निवडल्या तर खर्च −१२. पहिल्या तीन निवडल्या तर −१६ + ३ = −१३. अट मोडणारं उत्तर जिंकलं! तिसरी वस्तू घेण्याचा फायदा ४ होता आणि दंड फक्त ३. दंड ४ केला तर बरोबरी होते, ५ केला की −११ विरुद्ध −१२, आता बरोबर उत्तर खाली. मग 'सुरक्षित राहू' म्हणून दंड १००० करायचा का? तसंही करू नका. सगळा खर्च दंडानंच भरून जातो, ७ आणि ५ मधला फरक ऑप्टिमायझरला दिसेनासा होतो. अट मोडून जास्तीत जास्त जेवढा फायदा होऊ शकतो, त्याच्या किंचित वर दंड ठेवा.

दंड ५ घेऊन कंस सोडवा. बिटाचा वर्ग म्हणजे तोच बिट, कारण ० चा वर्ग ० आणि १ चा १. त्यामुळे एकेरी पदांचे सहगुणक येतात −२२, −२०, −१९, −१७. सहाही जोड्यांचा सहगुणक १०. स्थिर संख्या २०. ताळा: पहिली आणि दुसरी निवडली की −४२ + १० + २० = −१२. जमलं.

आता बिटांवरून क्यूबिटच्या झेडवर (बिट ० असेल तर +१, १ असेल तर −१) जायचं. बिट म्हणजे (१ − झेड) भागिले २. हे घातल्यावर झेडचे सहगुणक येतात ३.५, २.५, २ आणि १, प्रत्येक जोडीचा २.५, आणि स्थिर संख्या −४. तुमच्या कोडमधून हेच आकडे निघायला हवेत.

नेहमीच्या चुका: जोड्यांचा मॅट्रिक्स दोन्ही बाजूंनी भरून प्रत्येक जोडी दोनदा मोजणं. जास्तीत जास्त आणि कमीत कमी यांत चिन्ह विसरणं. आणि स्थिर संख्या 'तिचा काय उपयोग' म्हणून टाकून देणं. सर्किटला ती लागत नाही हे खरं, पण पडताळणीला ती लागते.

तपासणी: सोळाही पर्यायांचा खर्च साध्या लूपनं काढा. सर्वांत कमी −१२ यायला हवा, आणि सोळांची सरासरी नेमकी −४, म्हणजे झेड-रूपातली स्थिर संख्या. ही बरोबरी प्रत्येक प्रश्नात लागू होते, कारण सगळ्या पर्यायांवर झेडची आणि झेडच्या जोड्यांची सरासरी शून्य असते. मी स्वतः हा ताळा केल्याशिवाय एकही सर्किट लिहीत नाही.

## ७. सर्किट लिहा, एका थरापासून

अशा प्रश्नांना बहुतेक संघ क्यूएओए (गेटचे कोन बदलत कमी खर्चाचं उत्तर शोधणारा अल्गोरिदम) वापरतात. क्रम: सगळ्या क्यूबिटवर हॅडामार्ड, मग खर्चाचा थर, ज्यात प्रत्येक झेडसाठी आरझेड आणि प्रत्येक जोडीसाठी आरझेडझेड हे दिलेल्या कोनानं फिरवणारे गेट, मग मिश्रणाचा थर, प्रत्येक क्यूबिटवर तसाच आरएक्स, शेवटी मापन. खर्चाच्या थराला एक कोन, मिश्रणाला एक.

स्वतःच्या प्रश्नाआधी हा साचा अशा प्रश्नावर चालवा ज्याचं उत्तर माहीत आहे. पाच बिंदूंचं वलय घ्या आणि बिंदू दोन गटांत असे वाटा की जास्तीत जास्त कडा (शेजारच्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषा) दोन गटांमध्ये पडाव्यात. पाचपैकी जास्तीत जास्त ४ कडा कापता येतात. नाणेफेक करून वाटले तर सरासरी २.५. एका थराचं क्यूएओए, कोन उत्तम असताना, सरासरी ३.७५ देतं. तुमचं सर्किट २.५ च्या आसपासच घुटमळत असेल तर ते काहीच करत नाही आहे. ३.७५ च्या वर सरकलं तर खर्चाच्या हिशेबात चूक आहे.

कोन शोधायला लगेच ऑप्टिमायझर लावू नका. एका थराला दोनच कोन असतात. दोन्हींचे २०-२० आकडे घेऊन ४०० ठिकाणी सरासरी खर्च काढा आणि रंगीत नकाशा करा. टेकड्या आणि दऱ्या दिसल्या की सर्किट जिवंत आहे. नकाशा सपाट असेल तर जगातला कोणताही ऑप्टिमायझर तुम्हाला वाचवणार नाही.

नेहमीची चूक: फिरवणाऱ्या गेटच्या व्याख्येतच कोनाचा निम्मा भाग असतो, म्हणून सहगुणकाला २ नं गुणून कोन द्यावा लागतो. सगळीकडेच २ विसरलात तर फारसं बिघडत नाही, शोधताना वेगळा कोन सापडतो एवढंच. एकेरी पदांत २ लावलात आणि जोड्यांत विसरलात, तर तुम्ही दुसराच प्रश्न सोडवत आहात.

सावधान: 'आमच्या सर्किटला सर्वोत्तम उत्तर सापडलं' हे वाक्य लिहिण्याआधी थांबा. चार बिटांना १६ पर्याय आहेत. १००० शॉटमध्ये नुसत्या नाणेफेकीनंही प्रत्येक पर्याय साधारण ६२ वेळा येतो. म्हणून 'सापडलं का' असं न विचारता 'किती वेळा सापडलं' असं विचारा. तुमचा आकडा ६२ शेजारी ठेवून दाखवा.

## ८. नॉइज आणि खरं यंत्र

खऱ्या यंत्रावर जाण्याची घाई सगळ्यांनाच असते, आणि ती मला समजते. पण आधी हा गुणाकार करा. दोन क्यूबिटच्या एका गेटमध्ये १ टक्का चूक धरली, तर १०० गेटनंतर काहीही न चुकण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ३७ टक्के उरते. वरचा निवडीचा प्रश्न १२ वस्तूंना नेला तर ६६ जोड्या होतात. प्रत्येक जोडीला दोन सीनॉट, म्हणजे एकाच थरात १३२. शिल्लक सुमारे २७ टक्के. त्यातून यंत्रावर दूरदूरचे क्यूबिट थेट जोडलेले नसतील तर स्वॅप (दोन क्यूबिटची अदलाबदल करणारे गेट) घालावे लागतात, आणि एक स्वॅप म्हणजे तीन सीनॉट.

म्हणून पायऱ्या अशा:

१. सर्किट निवडलेल्या यंत्रासाठी ट्रान्सपाइल करा, म्हणजे त्या यंत्राला चालणाऱ्या गेटमध्ये बदला. किस्किटमध्ये ऑप्टिमायझेशनच्या ० ते ३ अशा पातळ्या आहेत, ३ वापरा. नंतर दोन क्यूबिटचे गेट मोजा आणि वरचा गुणाकार पुन्हा करा.
२. त्या यंत्राचं नॉइज मॉडेल (यंत्राच्या चुकांची नक्कल) घेऊन सिम्युलेटरवर चालवा. तिथेच उत्तर नाणेफेकीसारखं येत असेल, तर प्रश्न लहान करा.
३. कोन सिम्युलेटरवरच ठरवून घ्या. यंत्रावर फक्त ठरलेले कोन पाठवा. मोफत खात्यावर यंत्राचा वेळ फार थोडा मिळतो, शोधासाठी तो पुरत नाही.
४. आधी बेल जोडी पाठवा. '०१' आणि '१०' थोडे दिसतील, ते नॉइजचं मोजमाप म्हणून जपून ठेवा.
५. मग खरं सर्किट. जॉबचा (यंत्राकडे पाठवलेल्या कामाचा) क्रमांक लगेच फाइलमध्ये लिहा, निकाल आला की तोही साठवा.

सावधान: रांग लांब असू शकते. सादरीकरणाच्या तीन तास आधी पहिला जॉब पाठवणं म्हणजे निकालावर पाणी सोडणं.

नेहमीची चूक: ट्रान्सपाइल झाल्यावर तुमचा शून्यावा क्यूबिट यंत्रावर भलत्याच जागी बसलेला असतो. किस्किटचा एस्टिमेटर (सरासरी काढून देणारं साधन) वापरत असाल तर मोजायची राशीही त्याच मांडणीत नेऊन द्यावी लागते. ते राहिलं तर बहुधा एरर येतो, आणि तो आला तर नशीबवान समजा, कारण निदान चूक कळते.

## ९. दाखवण्याआधी

स्लाइडवर तीन आकडे शेजारी-शेजारी ठेवा: नाणेफेक, सगळे पर्याय तपासणारा साधा लूप, आणि तुमचं सर्किट. लूप जिंकतो आहे हे स्पष्ट लिहा. या आकाराला तो जिंकणारच, आणि परीक्षकांना ते ठाऊक असतं. वेगाचा दावा करू नका. नॉइजमुळे किती घसरण झाली ते मात्र जरूर दाखवा, कारण तो आकडा तुम्ही स्वतः मोजलेला आहे.

नोटबुक बंद करा. संघातल्या ज्यानं सर्किट लिहिलेलं नाही, त्याच्या संगणकावर ती उघडा, कर्नल (नोटबुकमागे चालणारं पायथन) नव्यानं सुरू करा आणि वरपासून खालपर्यंत एकदा सगळं चालवा. बंद नोटबुकमधल्या जुन्या सेलच्या जोरावर चालणारं काही असेल, तर ते इथेच अडकेल. दुरुस्त करा, पुन्हा वरपासून चालवा, आणि तीच फाइल जमा करा.